सार्जंट पेपर: १९८७, २००९ की २०१७? रीमास्टर कुठलं आणि रीमिक्स कुठलं?

खर्जातला_षड्ज (धागाकर्ता)

बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'ची १९८७ची सीडी आणि स्ट्रीमिंगवरचा तोच अल्बम लागोपाठ ऐकला की फरक लगेच जाणवतो. स्ट्रीमिंगवर बास भरीव आहे, ड्रम्स मधोमध आलेत, आणि 'शीज लीव्हिंग होम' चक्क वरच्या पट्टीत आणि जलद वाजतं. सीडीवर हे गाणं ३:३५चं आहे, स्ट्रीमिंगवर नऊ-दहा सेकंदांनी कमी. तिथे अल्बमच्या नावापुढे 'रीमिक्स' लिहिलंय, आणि यादीत खाली 'रीमास्टर २००९' असा आणखी एक अल्बम दिसतो.

जाणकारांना विचारायचं ते असं. या तीन आवृत्त्यांत नेमकं काय बदललंय? विकत घ्यायची तर कोणती घ्यावी? घरच्या लॅपटॉपवर दोन आवृत्त्यांची खरी तुलना कशी करायची? जास्त मोठ्याने वाजणारी आवृत्ती कानाला आपोआप बरी वाटते, ते टाळायचं आहे. आणि फ्लॉइड, झेपेलिन, जेथ्रो टल यांच्या बाबतीत 'रीमास्टर्ड' या शिक्क्यावर किती विसंबायचं?

साधा सीडी प्लेअर, लॅपटॉप आणि वायरवाला हेडफोन एवढी सामग्री आहे.

---

चार_ट्रॅक

कोणतीही नवी आवृत्ती हाती आली की पहिला प्रश्न एकच विचारायचा: काम कोणत्या टेपवरून केलंय? बाकी सगळं त्यावर ठरतं.

रीमास्टर करणाऱ्याच्या हातात तयार मिक्सची टेप असते, म्हणजे डावा आणि उजवा असे दोन ट्रॅक. तो टोन बदलू शकतो, पातळी वाढवू शकतो, टेपची सळसळ कमी करू शकतो, खटके काढू शकतो. पण एकट्या बासला वर आणणं किंवा गायकाला मध्ये सरकवणं त्याच्या हातात नसतं. याचं ढळढळीत उदाहरण म्हणजे मेटॅलिकाचा '...अँड जस्टिस फॉर ऑल'. १९८८च्या मूळ मिक्समध्ये बास जवळजवळ ऐकूच येत नाही. २०१८ साली रीमास्टर आलं तेव्हा आता तरी बास ऐकू येईल अशी अनेकांना आशा होती. ते शक्यच नव्हतं, कारण काम त्याच दोन ट्रॅकवरून झालं होतं.

रीमिक्स करणारा त्याच्याही मागे, मल्टिट्रॅक टेपपर्यंत जातो. तिथे ड्रम्स, गिटार, आवाज वेगवेगळे असतात आणि तोल पुन्हा पहिल्यापासून बांधला जातो.

'सार्जंट पेपर'च्या बाबतीत हे आणखी रंजक आहे. १९६६-६७ मध्ये अ‍ॅबी रोडच्या इएमआय स्टुडिओत स्टुडर जे३७ यंत्रं होती. टेप एक इंच रुंद, पण ट्रॅक चारच. चारही भरले की ते एकत्र मिसळून दुसऱ्या यंत्रावरच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या ट्रॅकवर पुढचं रेकॉर्डिंग करायचं. याला बाउन्स म्हणतात, इएमआयवाले रिडक्शन म्हणत. दर बाउन्सला सळसळ वाढते, झांजांची धार बोथट होते, आणि ज्या वाद्यांचा तोल त्या घडीला ठरला तो कायमचा गोठतो. ड्रम्स आणि बास बहुतेक सुरुवातीलाच रेकॉर्ड होत, त्यामुळे अंतिम मिक्समध्ये येईपर्यंत त्यांच्या दोन-तीन पिढ्या होऊन गेलेल्या असत.

२०१७ साठी बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा जाइल्स मार्टिन आणि ध्वनितंत्रज्ञ सॅम ओकेल यांनी बाउन्सच्या आधीच्या टेप काढल्या, त्या डिजिटल केल्या आणि एकमेकींशी जुळवून नव्याने मिक्स केलं. म्हणजे रिंगोचे ड्रम्स आता पहिल्या पिढीच्या टेपवरून येतात. तुम्हाला बास भरीव आणि ड्रम्स जवळ वाटतात त्याचं मुख्य कारण हे. इक्वलायझर फिरवला म्हणून तसं वाटतं असं नाही.

'शीज लीव्हिंग होम'चं कोडंही यातूनच सुटतं. १९६७ मध्ये बँडचं सगळं लक्ष मोनो (डावा-उजवा वेगळा नसलेल्या, एकाच ट्रॅकच्या) मिक्सवर होतं. स्टिरिओ मिक्स नंतर, बरंच घाईत आणि मुख्यतः बँडच्या गैरहजेरीत झालं. मोनोत हे गाणं मुद्दाम टेपचा वेग वाढवून घेतलंय, स्टिरिओत मात्र ते मूळ वेगानेच राहिलं. पेटीवर तपासा: स्टिरिओ पांढरी तीनला जुळतं, मोनो जवळपास पांढरी चारला. वेळही तेच सांगते, स्टिरिओ ३:३५ आणि मोनो ३:२६. २०१७च्या मिक्सने मोनोचा वेग धरला. त्यामुळे कोणतीही अनोळखी फाइल हाती आली की आधी या एका गाण्याची लांबी बघायची.

आता तीन आवृत्त्या. १९८७ म्हणजे १९६७चं स्टिरिओ मिक्स, पहिल्यांदा सीडीवर. ९ सप्टेंबर २००९ला आली ती त्याच मिक्सची नवी, २४ बिट १९२ किलोहर्ट्झवर काढलेली नक्कल. त्या कामात सळसळ काढण्याचं तंत्र फार जपून वापरलंय, सगळ्या अल्बमांच्या एकूण ५२५ मिनिटांपैकी पाचपेक्षा कमी मिनिटांवर. २००९च्या स्टिरिओ संचाला हलकं लिमिटिंग (शिखरं दाबून एकूण आवाज मोठा करणं) आहे, मोनो संचाला नाही. २०१७ हे नवं मिक्स.

एक अपवाद लक्षात ठेवा, इथे भलेभले गोंधळतात. 'हेल्प!' आणि 'रबर सोल' हे दोन अल्बम पहिल्या सीडीसाठी जॉर्ज मार्टिननीच नव्याने मिक्स केले होते. २००९च्या स्टिरिओ संचात तेच आहेत. या दोघांचं १९६५चं मूळ स्टिरिओ मिक्स हवं असेल तर ते २००९च्या *मोनो* संचातल्या सीडींवर जोडीला दिलंय.

---

एकच_स्पीकर

धागाकर्त्यांनी मोनोबद्दल विचारलं नाही, पण 'सार्जंट पेपर'चं मोनो न ऐकता स्टिरिओच्या तीन आवृत्त्यांत निवड करणं म्हणजे मूळ कृतीला वळसा घालणं आहे. स्वतः चौघांनी समोर बसून पसंत केलेला अल्बम तो आहे.

फरक कुठे ऐकायचे ते सांगतो. 'लूसी इन द स्काय'मध्ये आवाजावरचा घुमता, फिरता परिणाम मोनोत कितीतरी गडद आहे. स्टिरिओत तो जवळपास पुसलेला आहे. शीर्षकगीताच्या रिप्राइझमध्ये शेवटी पॉल ओरडून काहीतरी म्हणतो, ते मोनोत स्पष्ट ऐकू येतं, १९६७च्या स्टिरिओत ते गर्दीत बुडतं. ड्रम्सचा ठोका मोनोत छातीवर येतो, कारण तो दोन स्पीकरांत वाटला गेलेला नाही.

मोनो मिळण्याच्या जागा तीन: २००९चा मोनो सीडी संच, २०१७च्या सहा तबकड्यांच्या मोठ्या संचातली चौथी सीडी, आणि २०१४ची मोनो एलपी. ही एलपी डिजिटल पायरी न घालता थेट अ‍ॅनलॉग टेपवरून कापली आहे. हेडफोनवर मोनो डोक्याच्या मधोमध बसतं आणि पाचेक मिनिटं अवघडल्यासारखं होतं. दोन स्पीकरांवर, समोर बसून ऐकलंत तर तो त्रास नाही.

---

वेव्हफॉर्म

लॅपटॉपवरच्या तुलनेबद्दल. क्रम पाळलात तर एका संध्याकाळचं काम आहे.

सीडी आधी नीट उतरवून घ्या. विंडोजवर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी. दोन्हींत अ‍ॅक्युरेटरिप सुरू ठेवा, म्हणजे इतरांच्या त्याच सीडीशी तुमची नक्कल जुळते का ते कळतं. फाइल फ्लॅक किंवा वेव्ह. एमपीथ्री नको.

मग ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही आवृत्त्यांतला *तोच* तीस सेकंदांचा तुकडा कापा. अख्खं गाणं घेऊ नका; नव्या मिक्समध्ये फेडआउट लांब असेल तर सरासरी पातळी खाली येते आणि तुलना बिघडते. दोन्ही तुकड्यांवर लाउडनेस नॉर्मलायझेशन लावा, उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप). इतकं खाली नेण्याचं कारण असं की उणे १४ वगैरे ठेवलंत तर जास्त चढ-उतार असलेला जुना तुकडा वर उचलावा लागतो, त्याची शिखरं कमाल पातळीच्या बाहेर जातात, आणि दोष जुन्या सीडीच्या माथी येतो. नंतर दोन्हींची पातळी पुन्हा मोजा. फरक ०.२ डेसिबलच्या आत हवा. अर्धा डेसिबल जरी राहिला तरी तो 'मोठा आवाज' म्हणून कळत नाही, 'जास्त स्पष्ट' म्हणून कळतो. खरा धोका तोच.

फूबार२००० या प्लेअरमध्ये एबीएक्स कंपॅरेटर (कोणता तुकडा वाजतोय ते न सांगता कानाने ओळखायला लावणारी चाचणी) जोडा आणि १६ फेऱ्या करा. १६ पैकी १२ बरोबर आले तर नुसत्या नशिबाने तेवढे येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. २०१७ आणि १९८७ मधला फरक पहिल्याच फेरीत कळेल, तिथे एबीएक्सची गरज नाही. १९८७ आणि २००९ मधला फरक मात्र पातळी जुळवल्यावर अनेकांच्या अपेक्षेपेक्षा बारीक निघतो.

लिमिटिंग डोळ्यांनी बघायचं असेल तर ऑडॅसिटीच्या लाल क्लिपिंग रेषांवर भरवसा ठेवू नका. त्या फक्त कमाल पातळीला टेकलेले नमुने दाखवतात. हल्लीचे मास्टर उणे ०.३ किंवा उणे १ डेसिबलवर थांबवलेले असतात. तिथे एकही लाल रेष येत नाही, पण लाट मोठी करून बघितलीत तर शिखरं कात्रीने कापल्यासारखी एका उंचीत दिसतात.

रीमिक्स आहे की रीमास्टर हे आवरणावरून कळत नसेल तर एक हमखास चाचणी आहे. स्टिरिओ ट्रॅकचे डावा-उजवा वेगळे करा, एकाला इन्व्हर्ट करा, दोन्ही मोनो करून एकत्र वाजवा. बरोबर मधोमध ठेवलेली प्रत्येक गोष्ट नाहीशी होते, बाजूंना असलेलं तेवढं उरतं. हे दोन्ही आवृत्त्यांवर करा. एकीत गायक गायब होतो आणि दुसरीत शिल्लक राहतो, म्हणजे मांडणी बदलली आहे, म्हणजे रीमिक्स. दोन्हींत उरलेला सांगाडा सारखाच असेल तर बहुधा रीमास्टर.

दोन आवृत्त्या एकमेकींतून वजा करण्याची चाचणी बरेच जण सुचवतात. ती फक्त दोन्ही सीडी एकाच डिजिटल नकलेवरून निघाल्या असतील तरच चालते. टेप वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या यंत्रावर वाजवली की वेगात सूक्ष्म डुलणं येतंच. वजाबाकी शून्य होत नाही, विमान डोक्यावरून गेल्यासारखा आवाज येतो. शून्य आलं नाही म्हणून रीमिक्स, असा निष्कर्ष काढू नका.

स्ट्रीमिंगवर ऐकताना स्पॉटिफायमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन आणि अ‍ॅपल म्युझिकमधलं साउंड चेक बंद करा. अ‍ॅपलवर डॉल्बी अ‍ॅटमॉसही (चहूबाजूंनी ऐकू येणारं सराउंड मिक्स) 'ऑफ' करा. ते 'ऑटोमॅटिक'वर असेल तर चालणाऱ्या हेडफोनवर स्टिरिओऐवजी अ‍ॅटमॉस मिक्सच सुरू होतं, आणि आपण तिसऱ्याच गोष्टीची तुलना करत बसतो.

---

खर्जातला_षड्ज (धागाकर्ता)

डाव्यातून उजवा वजा करण्याची युक्ती फार कामाची आहे, आभार. दोन उपप्रश्न. डीआर (डायनॅमिक रेंज, म्हणजे आवाजातला चढ-उतार) आकड्यांच्या याद्यांत एकाच अल्बमच्या एलपीला सीडीपेक्षा तीन-चार अंक जास्त दिसतात. मग एलपीच घ्यावी का? आणि ऐंशीच्या दशकातल्या काही जपानी सीडी लॅपटॉपवर उतरवल्या की कर्कश का वाजतात? प्लेअरवर त्या ठीक असतात.

---

वेव्हफॉर्म

पहिल्याचं उत्तर: नाही, त्या आकड्यावरून नाही. तोच लिमिट केलेला डिजिटल मास्टर एलपीवर कापला तरी डीआर मीटर जास्त आकडा दाखवतं. कापण्याच्या आणि वाजवण्याच्या साखळीत वेगवेगळ्या कंपनसंख्यांचा फेज सरकतो, सपाट झालेली शिखरं पुन्हा टोकदार *दिसतात*, मीटर फसतं. गमावलेला चढ-उतार परत आलेला नसतो. सीडीची तुलना सीडीशी आणि एलपीची एलपीशी करा. रॉकमध्ये ढोबळ अंदाज एवढाच: १२च्या आसपास म्हणजे मोकळं, ७ किंवा खाली म्हणजे चांगलंच दाबलेलं.

---

जुनी_तबकडी

कर्कशपणाचं कारण प्री-एम्फसिस. सुरुवातीच्या काळात डिजिटल रूपांतर करणारी यंत्रं आजच्याइतकी स्वच्छ नव्हती. म्हणून काही सीडींवर वरच्या कंपनसंख्या आधीच उचलून ठेवायचे आणि प्लेअर त्या तेवढ्याच खाली आणायचा, त्याबरोबर बारीक गोंगाटही खाली जायचा. ही उचल साधारण ३ किलोहर्ट्झच्या वर सुरू होते आणि अगदी वरच्या टोकाला दहाएक डेसिबलपर्यंत जाते. सीडीवरची खूण वाचून प्लेअर ती आपोआप उतरवतो. लॅपटॉपवर नक्कल करताना बहुतेक सॉफ्टवेअर ते करत नाही. १९८३ची जपानी 'अ‍ॅबी रोड' (सीपी३५-३०१६) याचं प्रसिद्ध उदाहरण आहे.

एग्झॅक्ट ऑडिओ कॉपीमध्ये ट्रॅकच्या यादीत प्री-एम्फसिसचा रकाना असतो, तिथे 'यस' दिसेल. पण काही सीडींवर ही खूण विषयसूचीत नसते, फक्त ट्रॅकबरोबर धावणाऱ्या सबकोडमध्ये असते. तेव्हा रकाना 'नो' म्हणतो आणि आवाज तरीही कर्कश येतो. उपाय म्हणजे सॉक्स नावाच्या फुकट साधनातला डीएम्फ हा इफेक्ट. फाइल आधी २४ बिट करून घ्या, मग लावा. १६ बिटवरच लावलंत तर पूर्णांक करताना बारीक तपशील जातो. आयट्यून्समधून सीडी आयात केली तर ते ही उतरवणी स्वतःच करतं, म्हणून तिथून घेतलेली नक्कल ठीक वाजते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. 'ऐंशीच्या दशकातली सीडी म्हणजे मास्टर टेपची निखळ नक्कल' हा समज सरसकट खरा नाही. घाईच्या त्या दिवसांत कंपन्यांनी हाताला लागेल ती टेप लावली. कित्येकदा ती एलपी कापण्यासाठी केलेली दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची प्रत असायची, त्यात बास आधीच कमी केलेला. किंग क्रिम्सनच्या 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग'ची पहिल्या पिढीची स्टिरिओ टेप बरीच वर्षं हरवलेली होती, ती सापडल्यावर २००४ची आवृत्ती तीवरून निघाली. त्याआधीच्या सगळ्या सीडी तिच्यापुढे धुरकट वाटतात. जुनी म्हणून घेऊ नका, कोणत्या टेपवरून आली ते बघून घ्या.

सेकंडहँड जुनी सीडी घेताना आतल्या कड्याभोवतीचा कोरीव क्रमांक वाचायची सवय लावा. एकाच कव्हरमध्ये दोन वेगळे मास्टर निघतात, आणि ते तिथेच कळतं. ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात साधारण १९८८ ते १९९३ मध्ये बनलेल्या काही तबकड्या कडेपासून तांबूस-सोनेरी होत जातात. त्यांत चांदीचा थर होता, वरचं लाख पुरेसं घट्ट नव्हतं, आणि कागदी वेष्टनातल्या गंधकाने चांदी काळवंडली. आमच्या किनारपट्टीच्या दमट हवेत तर अशी तबकडी विकत घेऊच नये. अगोदरच घरात असेल तर आज उतरवून घ्या, शेवटचे ट्रॅक आधी जातात कारण ते बाहेरच्या कडेला असतात.

---

स्लाइडर

बाकीच्या बँडबद्दल.

पिंक फ्लॉइड. 'डार्क साइड'चं १९७३चं स्टिरिओ मिक्स आजवर तेच आहे. १९९२, २००३, २०११, २०२३ ही सगळी त्याची रीमास्टर्स. नव्याने मिक्स झालं ते फक्त सराउंड आणि अ‍ॅटमॉससाठी, जेम्स गथ्रीच्या हातून. त्यामुळे स्टिरिओ ऐकणाऱ्याने एक चांगली प्रत घेऊन थांबायला हरकत नाही. २००३च्या हायब्रिड एसएसीडीबाबत (एसएसीडी म्हणजे उच्च दर्जाच्या ध्वनीची तबकडी) एवढं ध्यानात घ्या की तिच्यावर दोन थर आहेत, आणि साध्या प्लेअरवर वाजणारा सीडीचा थर एसएसीडीच्या स्टिरिओ थरापेक्षा जास्त दाबलेला आहे. 'अ‍ॅनिमल्स'चं २०१८चं मिक्स मात्र खरंखुरं रीमिक्स, बाजारात आलं २०२२ मध्ये. 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन' त्याच्याही पुढे गेलं: निक मेसनने ड्रम्स नव्याने वाजवले, रिक राइटचे कीबोर्ड जास्त आणले. ते ऐकताना आपण १९८७ची ध्वनिमुद्रिका ऐकत नाही आहोत याची जाणीव ठेवावी.

झेपेलिन. २०१४-१५ची मालिका जिमी पेजने जॉन डेव्हिसबरोबर केली, सगळी रीमास्टर्स. आवाज आटोपशीर, तोल जपलेला. डोळे झाकून घेण्यासारखी.

जेथ्रो टल, 'अ‍ॅक्वालंग'. मूळ १९७१चं मिक्स घुसमटलेलं आहे हे बँडचे चाहतेही मान्य करतात. स्टीव्हन विल्सनने २०११ साली केलेलं रीमिक्स म्हणजे या प्रकारच्या कामाचा आदर्श मानता येईल. प्रत्येक फेड, प्रत्येक प्रतिध्वनी मूळ मिक्ससमोर ठेवून जुळवलेला, फक्त पडदा दूर केल्यासारखा. हेच मिक्स २०१६ मध्ये दोन सीडी, दोन डीव्हीडींच्या पुस्तकरूपी संचात पुन्हा आलं. तो संच शोधा. विल्सनच्या कामाची आणखी एक चांगली गोष्ट अशी की 'क्लोज टू द एज'च्या २०१३च्या संचासारख्या आवृत्त्यांत नव्या मिक्सबरोबर मूळ मिक्सची कोणताही संस्कार न केलेली हाय-रेझ नक्कलही दिलेली असते. प्रत्येक कंपनीने हे बंधनकारक मानायला हवं असं मला मनापासून वाटतं. नवं मिक्स द्या, जरूर द्या, पण जुनं काढून घेऊ नका. जेनेसिसच्या २००७-०८च्या मालिकेत नेमकं हेच झालं. निक डेव्हिसची नवी, बऱ्यापैकी दाबलेली मिक्सेस आली आणि दुकानातून मूळ मिक्सेस दिसेनाशी झाली.

दाबण्याचं टोक ऐकायचं असेल तर इगी अँड द स्टूजेसचं 'रॉ पॉवर'. १९७३चं मिक्स डेव्हिड बोवीचं. १९९७ मध्ये इगीने स्वतः नवं मिक्स केलं, ते इतकं वर ढकललेलं आहे की सगळं फाटूनच येतं. २०१०च्या आवृत्तीत बोवीचं मिक्स परत दिलंय. उलटं उदाहरण रशचं 'व्हेपर ट्रेल्स': २००२ची मूळ आवृत्तीच चुरगळलेली होती, २०१३ मध्ये डेव्हिड बॉट्रिलच्या रीमिक्सने अल्बमला श्वास घेता आला.

वेगाचा घोळ बीटल्सपुरता नाही. स्टोन्सचं 'बेगर्स बँक्वेट' १९६८पासून संथ वेगाने निघत होतं, २००२च्या आवृत्तीत दुरुस्त झालं. डोअर्सचा पहिला अल्बमही तसाच, तो ब्रूस बॉटनिकने २००६ मध्ये सुधारला. त्या गाण्यांबरोबर गिटार वाजवणाऱ्यांना जुन्या प्रतीशी तार का जुळत नाही, त्याचं उत्तर यात आहे.

---

एकच_स्पीकर

स्लाइडर यांच्याशी सहमत, एक भर. साफसफाई म्हणजे सुधारणा असं नेहमी नसतं. द हूच्या 'लाइव्ह अ‍ॅट लीड्स'च्या १९७०च्या तबकडीवर हाताने लिहिलेलं लेबल होतं की खरखर ठीक आहे, दुरुस्त करू नका. १९९५च्या विस्तारित आवृत्तीत ती खरखर डिजिटल तंत्राने काढली, आणि सहा गाण्यांच्या जागी बराच मोठा कार्यक्रम मिळाला. मोठा कार्यक्रम अनमोल आहे. पण ती सहा गाणी जशी १९७०मध्ये निघाली तशी वेगळी ऐकावीत.

---

खर्जातला_षड्ज (धागाकर्ता)

'रिव्हॉल्व्हर'च्या २०२२च्या मिक्सबद्दल कोणी सांगेल का? तिथे बाउन्सच्या आधीच्या टेप नव्हत्या असं वाचनात आलं.

---

चार_ट्रॅक

मुद्दा बरोबर आहे. 'टॅक्समन'मध्ये गिटार, बास आणि ड्रम्स थेट एकाच ट्रॅकवर वाजवलेले आहेत. मागे जाण्यासारखी टेपच नाही. म्हणून पीटर जॅक्सनच्या चमूने 'गेट बॅक' मालिकेसाठी बनवलेलं मॅल हे तंत्र वापरलं. एकेका वाद्याचा आवाज ओळखायला संगणकाला शिकवायचं आणि मिसळलेल्या ट्रॅकमधून तो वेगळा काढायचा. याला डीमिक्सिंग म्हणतात. मग नेहमीसारखं रीमिक्स.

निकाल थक्क करणारा आहे, तरी ऐकताना तीन जागी कान द्या: झांज विझत जाते ती शेपटी, गायकाचा 'स', आणि टाळ्या किंवा खुळखुळा. वेगळं काढताना चुकलं तर याच ठिकाणी आवाज पाणचट, बुडबुड्यांसारखा होतो. 'रिव्हॉल्व्हर'मध्ये हे क्वचितच जाणवतं, कारण वेगळे केलेले भाग पुन्हा एकत्रच वाजतात आणि एकाची चूक दुसरा झाकतो. घरगुती स्टेम-काढू सॉफ्टवेअरने एकटा बास काढून ऐकलात तर ती उघडी पडते.

टेपची मर्यादा आपल्या जवळच्या उदाहरणातून बघायची असेल तर 'द इनर लाइट' घ्या. त्याचं वाद्यसंगीत जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलं, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, सरोदवर आशिष खान. यंत्र दोन ट्रॅकचं होतं. सरोद, बासरी, सनई, पखवाज सगळं खोलीत एकत्र वाजवून त्या दोन ट्रॅकवर बसवलं. आवाज नंतर लंडनमध्ये चढला. म्हणजे डीमिक्सिंग बाजूला ठेवलं तर या गाण्याचं कोणतंही रीमिक्स पखवाज एकटा वर आणू शकत नाही. गाणं 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला मोनोत निघालं होतं. २०१८च्या 'व्हाइट अल्बम'च्या मोठ्या संचात त्याचा सहावा टेक गाण्याविना दिलाय, तो हेडफोनवर ऐका. एकाच खोलीत बसलेले वादक एकमेकांच्या माइकमध्ये कसे झिरपतात ते त्यात उघड कळतं.

खरेदीचं म्हणाल तर: तुमची १९८७ची सीडी ठेवा. २००९ स्टिरिओ वेगळी घेऊ नका, फरक पैशाच्या मानाने थोडा आहे. २०१७ची दोन सीडींची आवृत्ती घ्या, दुसऱ्या सीडीवर सरावाचे टेक आहेत. पण तीत अख्खं मोनो नाही, एवढं बघूनच पैसे द्या. मोनो हवंच असेल तर मोठा संच किंवा २००९ची सुटी मोनो संचातली सीडी सेकंडहँड. विकणाऱ्याकडून 'शीज लीव्हिंग होम'ची वेळ विचारून घ्या. ३:३५ म्हणाला तर ती मोनो नाही.